वखारीमागची वाट

५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

पत्राला उशीर झाला. किती झाला ते तुलाही माहीत आहे आणि मलाही, म्हणून ते मोजत बसत नाही. मधल्या काळात लिहायला बसलो नाही असं नाही. 'चि.' लिहून झालं की पुढचं सुचायचं नाही, मग कागद घडी करून शर्टाच्या खिशात जायचा. तुझी आई कपडे धुताना खिशातून लगदा काढायची आणि माझ्यासमोर धरून म्हणायची, "आज पण लिहून झालं वाटतं." तेव्हा उशिराबद्दल माफ कर. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. एखादं अक्षर लागलं नाही तर सोडून पुढचं वाच.

कामाचं आधी लिहितो. तुझ्या आईला सांग की जंगलात जाऊ नकोस.

हे तिने तुला फोनवर सांगितलेलं नसणार. रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी समोरच बसलेला असतो. वखारीतल्या लाकूड कापायच्या आऱ्याच्या आवाजाने माझे कान नेले, त्यामुळे ऐकू काही येत नाही, पण तिचे ओठ दिसतात. 'मी अगदी मजेत' असं म्हणताना ती माझ्याकडे बघते. त्या बघण्याचा अर्थ एवढाच, की मध्ये तोंड घालाल तर याद राखा.

ती रोज सकाळी त्या राखीव जंगलात जाते. तू वनखात्यात नोकरीला लागल्यावर जी पायवाट आखली होतीस, तीच वाट. आधी मला वाटलं, फाटकापर्यंत जाऊन येत असेल. मग एक दिवस बुटांना ओला चिखल दिसला. विचारलं तर म्हणाली, "ओढ्यावरच्या पुलापर्यंत गेले होते." पुढच्या आठवड्यात पहिल्या बाकापर्यंत. मग दुसऱ्या. आता तिच्या डोक्यात वरच्या टेहळणीच्या मनोऱ्यापर्यंत जायचं आहे, तू सुरुवातीला ज्याच्या खालच्या खोलीत राहायचीस तिथे. म्हणते, "पोरीने आखलेली वाट आहे आणि मी तिच्यावर पाऊल ठेवलं नाही. तुमच्या रागापायी." म्हणजे तेही माझ्याच माथी.

वखारीचं मी काही लिहिणार नाही. तुम्ही खात्याच्या लोकांनी कुलूप ठोकलं, ते अजून आहे. फक्त आदल्या दिवशी मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर त्या दिवशी मी घरी राहिलो असतो, सगळ्या बाजारासमोर तुमच्या जीपमध्ये बसावं लागलं नसतं. जाऊ दे. लिहिणार नाही म्हटलं आणि लिहिलं.

मी फाटकाशी बाकावर बसून तिची वाट बघतो. गेटवाला चांगला माणूस आहे, पण त्याला सगळ्याची थट्टा सुचते. परवा मी पाटीकडे बघत होतो, अस्वलांचा वावर आहे असं लिहिलेली. तर म्हणतो, "काका, घाबरू नका. अस्वल म्हाताऱ्यांच्या वाटेला जात नाही, दातात अडकतात." आणि स्वतःच हसतो. मला हसू येत नाही. ती वळणावरून दिसेपर्यंत मी वाटेकडे बघत बसतो.

तिचे गुडघे पहिल्यासारखे राहिले नाहीत. म्हणून सांगतो. दुसरं काही नाही.

ती फक्त तुझं ऐकते. रविवारी तिला सांग, नाहीतर दोन ओळी लिही. मी लिहिलं हे मात्र कळू देऊ नकोस. पोस्टाने फार दिवस लागतील, म्हणून गेटवाला हे पत्र तुमच्या खात्याच्या जीपमधून तुझ्या तळावर पोचवतो म्हणाला आहे.

तुझा बाबा


१४ ऑक्टोबर

भिंगरी,

उत्तर आलं नाही. रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी डोळ्यांत तेल घालून तुझ्या आईचे ओठ बघत होतो. तिने तुझ्या खोकल्याचं विचारलं, तिकडच्या थंडीचं विचारलं, एकदा हसली. म्हणजे जंगलाचं तू काही काढलं नाहीस. पत्र पोचलं नाही, की पोचून बाजूला ठेवलंस?

शेवटी मीच तिच्याबरोबर जायला लागलो. हसू नकोस. आडवं लाकूड मला कळतं. वास घेऊन सांगेन कुठल्या झाडाचं आहे आणि किती वाळलंय. पण उभी झाडं मला कळत नाहीत. एकही झाड ओळीत नाही. प्रत्येकाच्या मागे काहीतरी उभं असेल असं वाटतं. इतरांना आधी पाचोळ्यात सळसळ ऐकू येते आणि मग जनावर दिसतं. मला एकदम जनावरच दिसणार.

तुमच्या पाटीवर लिहिलंय की मोठ्याने बोलत चला, म्हणजे अस्वल बाजूला होतं. तुझी आई म्हणाली, "चला, बोला."

"काय बोलू?"

"काहीही बोला हो. अस्वल काय तुमची परीक्षा घेणार आहे?"

"दूध झाकलंस का?"

"झाकलं."

संपलं. इतक्या वर्षांच्या संसारात जे बोलायचं ते बोलून झालंय, अस्वलासाठी नवीन कुठून आणायचं? शिवाय ती पुढे आणि मी मागे. तिचं तोंड दिसल्याशिवाय ती काय म्हणते ते मला कळत नाही, आणि माझ्याकडे तोंड करून चालली तर मुळांत अडकून पडेल.

म्हणून मी ठोके काढले. वखारीत आम्ही तसंच करायचो. आऱ्याच्या आवाजात शेजारच्याचं ऐकू यायचं नाही, मग लोखंडी गजाने खांबावर ठोका द्यायचा. दोन ठोके म्हणजे चालू. एक म्हणजे थांब. आणि थांब म्हणजे हात जिथे असेल तिथे हात, पाय जिथे असेल तिथे पाय, दोन ठोके येईपर्यंत हलायचं नाही. माझं बोट गेलं ते दोन ठोके यायच्या आधी हात घातला म्हणून. तू लहानपणी विचारायचीस तेव्हा मी मांजराने नेलं म्हणून सांगायचो. माणसाचं बोलणं आता माझ्या कानात शिरत नाही, पण लाकडावरचा ठोका शिरतो, थेट छातीत लागतो.

तर ती काठीने बुंध्यावर दोन ठोके देते, मी मागून दोन देतो, आणि असे आम्ही चालतो. गेटवाला म्हणाला, "काका, तुमच्यामुळे सुतारपक्षी बदली मागतायत."

इथपर्यंत लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. पत्र इथेच संपवणार होतो. पण काल जे झालं ते कुणाला तरी सांगितलं पाहिजे, आणि तुझ्याशिवाय मला कोण आहे.

दुसऱ्या बाकावर आम्ही बसलो होतो. ती पाणी पीत होती. बाटली हातातून सुटली आणि उतारावरून घरंगळत गेली. मी म्हटलं, "अगं, धर की!" ती धरेना. डोळे उघडे होते पण त्यांत ती नव्हती. मी तिचा खांदा हलवला. मग तिने एक मोठा श्वास घेतला आणि मला म्हणाली, "बाटली कुठे गेली?"

गुडघे नव्हेत, भिंगरी. मी खोटं लिहिलं होतं. तिचं हृदय मधूनच थांबतं. थांबतं आणि परत सुरू होतं. उन्हाळ्यात ती मोरीत पडली तेव्हा मी तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पट्टीवरची रेघ मला दाखवली. वर, खाली, वर, खाली, आणि मग नुसतीच सरळ. "ही जागा बघा आजोबा," म्हणाल्या. "इथे त्या नव्हत्या." छातीत एक लहान यंत्र बसवायचं, म्हणजे हृदय थांबलं की ते टोचून चालू करतं. लवकर बसवा म्हणाल्या. एकटं कुठे सोडू नका म्हणाल्या.

तुझी आई काय म्हणते माहीत आहे? "आधी मनोरा, मग यंत्र." मी विचारलं असं का. तर म्हणे, "टेबलावर झोपवल्यावर उठले नाही तर? मग ती वाट कुणी बघायची?" आणि तुला कळवू देत नाही. "आजारी आहे म्हणून धावत आली तर मला नको. यायचं तर आपणहून येईल." मी आजाराचं लिहिलं तर ती दवाखान्यात पायच ठेवणार नाही, असं तिने मला बजावलंय. तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. तुझ्यात तोच उतरलाय.

आणि मी आता लिहून बसलो. तुला काही माहीत नाही असंच दाखव. फक्त तिला थांबव. कसं ते तू बघ, तू शिकलेली आहेस.

बाबा


१९ ऑक्टोबर

भिंगरी,

मी दोन ओळी मागितल्या होत्या, तू फाटकच लावून घेतलंस.

शनिवारी सकाळी आम्ही गेलो तर गेटवाला आडवा आला. थट्टा नाही, काही नाही. टोपी हातात घेऊन उभा. "काकू, आजपासून तुम्हाला आत सोडता येणार नाही. मॅडमचा वायरलेस आलाय."

तुझी आई म्हणाली, "कोण मॅडम?"

"आपल्या मॅडम. तुमच्या."

"ही वाट सगळ्यांसाठी आहे ना? पाटीवर लिहिलंय."

"सगळ्यांसाठी आहे काकू. तुम्ही दोघं सोडून."

तिने त्याच्याकडे पाठ केली. माझ्याकडे वळली आणि मला तोंड दिसेल अशी उभी राहून सावकाश म्हणाली, "काय लिहिलंत तिला?" मी म्हटलं, तू चालतेस एवढंच. "आणखी?" मी म्हटलं, अस्वलांचं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला आपली चप्पलच बघावी लागली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पण समोर ठेवत नाही, मेजावर आपटते. तो आवाज मला ऐकू येत नाही, मेज हलतं त्यावरून कळतं.

काल रविवार. तुझा फोन आला नाही. ती फोनसमोर बसून होती, हातात शिवण घेऊन, पण सुई एकाच जागी. संध्याकाळी उठली आणि फोनवर फडकं टाकलं. तुझी तब्येत बरी आहे ना? खोकला छातीत उतरला नाही ना? की माझ्यावरचा राग तिच्यावर काढतेस? तसं करू नकोस. माझ्यावर काढ, मला सवय आहे.

एक खरं सांगतो. फाटक बंद झालं तेव्हा मला बरं वाटलं. निदान ती आता घरात आहे, कोपऱ्यातल्या खुर्चीवर आहे, हात पुढे केला तर लागेल इतक्या अंतरावर आहे. पण ती आज सकाळी बूट घेऊन बसली होती. जुन्या नाड्या काढून नव्या ओवत होती. मी विचारलं, "कुठे जायचंय?" तिने नाडी ओढून घट्ट केली.

मला भीती वाटते. काहीतरी कळव.

बाबा


२१ ऑक्टोबर, दुपार

भिंगरी,

आधीच लिहितो म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. ती जिवंत आहे. आम्ही शहरातल्या दवाखान्यात आहोत. मी बाहेरच्या बाकावर आहे आणि मांडीवर कागद धरून लिहितोय. अक्षर वाकडं येतंय, त्याला इलाज नाही.

आज सकाळी मी दाढी करून मोरीतून बाहेर आलो तर खुर्ची रिकामी. बूट नव्हते. काठी नव्हती. मी तसाच फाटकाकडे पळालो. पळालो म्हणजे मला जेवढं येतं तेवढं. गेटवाला म्हणाला, "काकू इकडे आल्याच नाहीत." मी म्हटलं, नीट आठव. तो म्हणाला, "काका, मी पहाटेपासून इथेच आहे, कुत्रंसुद्धा आत गेलं नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वखारीच्या मागून एक वाट वर जाते. मला ती कशी ठाऊक ते विचारू नकोस. तुझ्या आईला कशी ठाऊक तेही विचारू नकोस, ती माझा डबा घेऊन यायची, तिला डोळे आहेत. तुम्ही लोकांनी वखारीचे सगळे कागद तपासलेत, पण मागची गवताची गंजी हलवून बघितली नाहीत. मी गेटवाल्याला सांगितलं, "ती वखारीमागून गेली असणार." तो म्हणाला, "वखारीमागे काय आहे?" मी हाताने दाखवलं. आता ती वाट खात्याला कळली. कळू दे. त्याने आणखी माणसं बोलवायला वायरलेस उचलला आणि मला थांबायला सांगितलं. मी थांबलो नाही.

कुलूप पडल्यापासून मी वखारीकडे गेलो नव्हतो. भुशाचा ढीग काळा पडलाय, त्यातून गवत उगवलंय. आऱ्याचा पट्टा गळून खाली लोंबतोय. तिथे उभं राहायला मला वेळ नव्हता. गंजी एका बाजूला ताजी सरकवलेली होती आणि मातीत तिच्या बुटाची खूण होती.

ती वाट तुझ्या वाटेसारखी नाही. पाटी नाही, बाक नाही, झाडावर बाण नाही. ओंडके ओढून पडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, त्यांत पाणी, कडेला शेवाळ. वरून फांद्या मिळालेल्या. खाली उजेड असा येतो की सगळंच हलतंय असं वाटतं. एका ठिकाणी झाडाची साल माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर ओरबाडलेली होती, ताजी, आतलं लाकूड ओलं. मी लाकडाचा माणूस, ती खूण आऱ्याची नव्हे आणि कुऱ्हाडीची नव्हे हे मला कुणी सांगायला नको. परत फिरावंसं वाटलं, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. पण ती पुढे होती.

मी बुंध्यावर दोन ठोके दिले. काही नाही. आणखी चढलो, आणखी दोन दिले. आणि वरून दोन आले. भिंगरी, छातीत लागले. मी तिथेच रडलो. माझ्याशी बोलत नव्हती, पण ठोके दिले. मी चालत राहिलो, ठोका देत, ठोका घेत. मग मी एका वळणाच्या अलीकडे असताना एकच आला.

मी थांबलो.

दुसरं काही माझ्या डोक्यात आलंच नाही. एक म्हणजे थांब. पाय चिखलात होता, तो चिखलात ठेवला. मला वाटलं, तिला अस्वल दिसलंय. तिने मला थांबवलंय म्हणजे ते आमच्या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. मी ठोका दिला तर ते बिथरून तिच्यावर जाईल. म्हणून ठोका दिला नाही. हाक मारली नाही. श्वाससुद्धा तोंड मिटून घेतला. समोर झुडूप हललं की वाटायचं, हेच. दुसरं हललं की वाटायचं, नाही, हे. पाठीमागे काय चाललंय ते मला कळत नव्हतं आणि वळून बघायची सोय नव्हती. मी दोन ठोक्यांची वाट बघत उभा होतो. पायाच्या बोटांतली जाणीव गेली. अंगावरचा उन्हाचा तुकडा सरकून शेजारच्या झाडावर गेला तरी मी उभाच.

मग एकदम डोक्यात आलं, की ठोका द्यायला ती उरली नसेल तर?

मी निघालो. दोन ठोके यायच्या आधी हलण्याची हिंमत बोट गेल्यापासून मी कधी केली नव्हती. वळण ओलांडलं तर ती एका झाडाला टेकून खाली बसलेली. चेहरा राखेसारखा. हात रिकामे, काठी खाली उतारावर पडलेली. अस्वल नाही, काही नाही.

मला बघून म्हणाली, "किती वेळ लावलात!"

मी म्हटलं, "तू एक ठोका दिलास!"

"अहो, मला चक्कर आली. मी थांबले म्हणून एक दिला!"

"एक म्हणजे समोरच्याने थांबायचं!"

"समोरच्याने? आणि मी मेले असते म्हणजे?"

"मग दोन ठोके द्यायचेस!"

"कशाने देऊ? काठी गेली खाली. डोक्याने देऊ?"

असे आम्ही भांडत होतो. त्या जंगलात, त्या अवस्थेत. ती म्हणत होती, "मी इथे बसून म्हणतेय, येतील, आत्ता येतील, आणि तुम्ही तिकडे—" आणि थांबली. ओठ तसेच उघडे. डोळे माझ्यावर, पण बघत नव्हते. मी तिच्या छातीवर हात ठेवला. आत काही नव्हतं. मी आयुष्यात इतकं गप्प काही हाताखाली धरलेलं नाही. मी तिला मुठीने मारलं, भिंगरी, छातीवर, जोरात. का मारलं माहीत नाही, मला कुणी शिकवलं नव्हतं. दोनदा मारलं. मग हाताखाली एक धक्का लागला, मग दुसरा.

आणि ती म्हणाली, "—खांबासारखे उभे." तिने उरलेलं वाक्य पुरं केलं. मधलं तिला ठाऊकच नव्हतं.

मी तिला काही सांगितलं नाही. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो आणि म्हटलं, "हो, चुकलंच माझं." ती म्हणाली, "आज बरं कबूल केलंत." मग विचारलं, "मनोरा इथून किती लांब?" मी म्हटलं, जवळच आहे. मला माहीत नव्हतं. झाडांशिवाय काही दिसत नव्हतं.

गेटवाला दोन माणसं आणि कापडी स्ट्रेचर घेऊन आला. खाली उतरताना तो स्ट्रेचरच्या डोक्याकडे होता आणि तिच्याशी सतत बोलत होता. काय बोलत होता ते मला दिसलं नाही, पण ती एकदा हसली.

डॉक्टरीणबाई म्हणतात, आजचा दिवस नजरेखाली ठेवू आणि यंत्र लगेच बसवू. तिच्या खाटेशेजारी पडद्यावर रेघ चालते. ती आवाजही करते म्हणे, मला तो येत नाही, म्हणून मी तिच्यावरून नजर हटवत नाही. आता नर्सने मला बाहेर घालवलंय, म्हणून लिहायला मिळालं. आत काय चाललंय कळत नाही.

आम्हाला खात्याच्या जीपमधून इथे आणणारा गेटवाला म्हणाला, जीपमधल्या वायरलेसवर मॅडमना सगळं सांगतो. मी त्याला म्हटलं, नको, वायरलेस सगळं खातं ऐकतं, माझ्या बायकोचं हृदय साऱ्या जंगलाने कशाला ऐकायचं. मग पाच मिनिटांनी मीच त्याच्यामागे गेलो आणि म्हटलं, 'ताबडतोब घरी कळवा' एवढं सांग, बाकीचं मी लिहितो. त्याने सांगितलं. तळावर कुणीतरी घेतलं, पण तू तिथे नाहीस, असं उत्तर आलं. कुठे आहेस? फेरीवर आहेस की कुठे? की निघाली आहेस? काही कळत नाही आणि मला नको ते सुचतं.

बाबा


२२ ऑक्टोबर

भिंगरी,

तुझ्या तळाकडे येणारी जीप अजून निघालेली नाही, म्हणून कालच्या पत्राला हे जोडतो.

सकाळी डॉक्टरीणबाई संमतीचा कागद घेऊन आल्या. मी मनाची तयारी करून बसलो होतो. म्हटलं आता ही वाद घालणार, मनोऱ्याचं काढणार, यंत्र कुणाच्या कारखान्यातलं आणि किती वर्षं टिकतं ते विचारणार. तुला माहीत आहे, दोन गज कापड घेताना ती दुकानदाराला घाम फोडते. तिने पेन मागितलं. सही केली. पेन परत दिलं. डॉक्टरीणबाईंना बरं वाटलं. मला नाही वाटलं.

त्या गेल्यावर तिने माझा हात धरला आणि तिचं तोंड मला दिसेल असं मान वळवून म्हणाली, "काल किती वेळ गेले होते हो मी?"

मी म्हटलं, "कुठे?"

"तुम्हाला माहीत आहे कुठे. छाती दुखतेय माझी. जोरात मारलंत ना?"

मी तिची चादर सारखी केली. मग म्हणाली, "तिला कळवा."

मी अजाण होऊन म्हटलं, "काय कळवू? चालतेस म्हणून?"

"पुरे झालं. काय काय लिहिलंय ते मला माहीत आहे, तुमच्या तोंडावर असतं ते. आता माझ्याकडून लिहा."

"काय लिहू?"

"ये म्हणून लिहा."

भिंगरी, हा शब्द तिच्या तोंडी मी कधी पाहिला नाही. तुझ्या जन्माच्या वेळी सगळं अडलं होतं, तेव्हाही तिने आपल्या आईला बोलवू दिलं नव्हतं. 'त्यांना कशाला त्रास' म्हणाली होती. घर पडलं तरी ती कुणाला हाक मारणारी बाई नव्हे. मी त्या जंगलात झाडांना घाबरलो, सालीवरच्या ओरखड्यांना घाबरलो, ते सगळं आता मला लहान मुलाचं वाटतं. मला तिच्या या एका शब्दाची भीती वाटते. तिला काहीतरी कळलंय आणि ती मला सांगत नाही.

उद्या सकाळी तिला आत नेणार आहेत. मला दवाखान्याच्या फाटकापर्यंतसुद्धा जाता येत नाही, कारण ती डोळे उघडते तेव्हा मी समोर लागतो. गेटवाला खाली जीपमध्ये वायरलेसपाशी बसलाय, जेवायलासुद्धा उठत नाही. येतेस म्हण, येत नाहीस म्हण, माझं तोंड बघायचं नाही म्हण, मी खाली उतरून रस्त्यावर थांबेन, तू आत जा. पण आज निरोप दे. आत नेताना ती माझ्याकडे वळून 'पोरगी येतेय का' म्हणून विचारणार, आणि तेव्हा मला तिला काहीतरी सांगायचं आहे. लवकर कळव.

तुझा बाबा